अस्वल पाच महिने शू कुठं करतं?

भाचीला झोपवताना अस्वलाचं एक चित्रपुस्तक वाचत होतो. बर्फ पडायला लागतो, अस्वल भली मोठी जांभई देतं, गुहेत शिरतं, अंगाचं मुटकुळं करतं. पुढच्या पानावर थेट फुलं, फुलपाखरं आणि आळोखेपिळोखे देणारं तेच अस्वल. मी पान उलटणार तेवढ्यात तिनं माझा हात धरला. "मामा, मग ते शू कुठं करतं?"

पुस्तकात उत्तर नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. "उद्या सांगतो," म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी शोधायला बसलो तेव्हा कळलं, की लेखकानं दोन पानांच्या मधे जे गाळलं होतं, खरी गोष्ट तिथंच होती.

तर उत्तर असं, की ते शू करतच नाही. उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल थंड प्रदेशात पाच ते सात महिने खात नाही, पीत नाही, शी-शू करत नाही. मूत्रपिंडं थोडंफार मूत्र तयार करत राहतात, पण ते मूत्राशयाच्या भिंतीतून परत शरीरात शोषलं जातं. त्यातला युरिया आपल्या अंगात साचला तर आपली धडगत नसते. अस्वलाच्या पोटात मात्र जीवाणू तो फोडतात आणि सुटा झालेला नायट्रोजन वापरून शरीर पुन्हा प्रथिनं बनवतं. माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला तर उठताना त्याचे पाय लटपटतात. अस्वल अख्खा हिवाळा लोळून बाहेर येतं आणि चालायला लागतं, कारण त्याचे स्नायू फारसे झिजलेलेच नसतात. तहानेची सोयही आतच असते. साठवलेली चरबी जळताना पाणी तयार होतं. आणि शी? आतड्याच्या शेवटी झडलेल्या पेशी, केस, काडीकचरा यांचं एक घट्ट बूच बसतं, ते वसंतात बाहेर पडल्यावर निघतं. भाचीला हे बूच प्रकरण इतकं आवडलं, की दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

'गाढ झोप' हा शब्दही जरा जपूनच वापरायला हवा. अलास्कातल्या संशोधकांनी काळ्या अस्वलांच्या शीतनिद्रेवर हिवाळाभर पाळत ठेवली आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराचं तापमान 30 ते 36 अंश सेल्सियसच्या दरम्यान वरखाली होत होतं, म्हणजे फार उतरलं नव्हतं. चयापचय मात्र नेहमीच्या 25 टक्क्यांवर आला होता आणि हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण 55 वरून 14 वर. शीतनिद्रेतल्या छोट्या खारीसारखं अस्वल बर्फगार पडत नाही. कुणी गुहेत डोकावलं तर ते जागं होऊ शकतं.

आणि याच अर्धवट झोपेत मादी पिल्लांना जन्म देते. मला विचाराल तर अस्वलाच्या कुठल्याही चित्रपुस्तकात हे पान हवंच. बाहेर बर्फ, आत अंधार, आणि पोटापाशी दोन पिल्लं. डोळे मिटलेले, अंगावर जेमतेम लव, वजन साधारण 300 ग्रॅम, म्हणजे हातातल्या पुस्तकाहून हलकी. आईच्या दुधावर ती तिथंच वाढतात आणि या सगळ्या काळात आईच्या पोटात अन्नाचा कण गेलेला नसतो. त्याही आधीची गोष्ट आणखी नवलाची. नर-मादीचा समागम होतो उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पण गर्भ लगेच रुजत नाही. टाचणीच्या टोकाएवढा पेशींचा गोळा काही महिने गर्भाशयात नुसता तरंगत राहतो. शरद संपेपर्यंत मादीच्या अंगावर पुरेशी चरबी चढली, तर तो रुजतो. नाही चढली, तर विरून जातो. पिल्लं होणार की नाही, याचा निकाल आईच्या चरबीवर लागतो.

हे पान हल्ली काही चांगल्या पुस्तकांत दिसतं, गुहेचा उभा छेद दाखवून. पण बहुतेक पुस्तकांत त्याऐवजी काय असतं? टेबलाभोवती बसलेलं कुटुंब. आई, बाबा, बाळ.

त्यातले बाबा सपशेल खोटे. अस्वलांत नर पिल्लांच्या वाटेला जातच नाही, आणि गेला तर ते पिल्लांना महागात पडतं. परक्या नरानं पिल्लं मारल्याच्या नोंदी आहेत. स्कँडिनेव्हियातल्या तपकिरी अस्वलांमध्ये याचा बारकाईनं अभ्यास झाला आहे. पिल्लं गेली की मादी पुन्हा माजावर येते, हे त्यामागचं कारण. आई एकटीच दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, पिल्लांना सांभाळते. काय खायचं, कुठं खणायचं, कोणाला पाहून झाडावर चढायचं, सगळं तिच्या मागं मागं फिरून शिकायचं. चार वर्षांच्या मुलाला नरानं पिल्लं मारल्याचं सांगा, असं मी म्हणत नाही. पण 'आई एकटीच सांभाळते' एवढं वाक्य कुठल्याही मुलाला झेपतं, आणि काही मुलांना तर ते आपल्याच घरासारखं वाटेल.

कपडे घातलेली, बोलणारी अस्वलं पाहून मुलांचं खरंच काही बिघडतं का? कल्पना आणि वास्तव यांतला फरक मुलांना कळतोच की, असं मलाही वाटायचं. 2014 मध्ये पॅट्रिशिया गानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. मुलांना अनोळखी असतील असे प्राणी निवडून त्यांची पुस्तकं बनवली. एका गटाला साधी, वस्तुनिष्ठ भाषा ऐकवली, तर दुसऱ्याला प्राणी बोलतात, माणसासारखे बेत करतात अशी. नंतर विचारलं, खरा प्राणी बोलतो का, त्याला असं वाटतं का? माणसाळलेली भाषा ऐकलेल्या मुलांनी खऱ्या प्राण्यालाही माणसाचे गुण जास्त चिकटवले. आणि अशा पुस्तकांतून लहान मुलं त्या प्राण्याबद्दलची नवी माहितीही कमी शिकली. यातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग असा, की चित्रं खरीखुरी ठेवून नुसते शब्द बदलले तरी परिणाम दिसत होता.

त्याच वर्षी सँड्रा वॅक्समन यांच्या गटानं शहरात वाढलेल्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात तर नायक अस्वलच होतं. काही मुलांना प्राण्यांच्या कोशातला अस्वलांचा भाग वाचून दाखवला, काहींना कपडे घालून घरात राहणाऱ्या अस्वल-कुटुंबाची गोष्ट. मग कोडं घातलं. माणसाच्या आत अमुक एक गोष्ट असते असं कळलं, तर ती कुत्र्यातही असेल का? आणि कुत्र्यात असते असं कळलं, तर माणसात असेल का? गोष्ट ऐकलेली मुलं माणसाला मापदंड धरून विचार करत होती. माणसाकडून कुत्र्याकडे त्यांची उडी सहज जायची, उलटी जात नव्हती. कोश ऐकलेल्या मुलांत हा कल दिसला नाही. एका बैठकीत वाचलेल्या पुस्तकानं एवढा फरक पडावा, हे मला थक्क करणारं वाटतं.

म्हणून काय गोष्टीतली अस्वलं हद्दपार करायची? मुळीच नको. माझं म्हणणं एवढंच, की जे पुस्तक 'अस्वलांची ओळख' म्हणून हातात दिलं जातं, त्यानं तरी खरं बोलावं.

खेळण्यातल्या अस्वलाचीही अशीच गंमत आहे. 1902 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीतल्या शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर व्यंगचित्र आलं आणि त्यातून 'टेडी' जन्मला (टेडी हे थिओडोरचं लाडकं नाव). सुरुवातीच्या टेडींचं नाकाड लांब होतं, खऱ्या अस्वलासारखं. रॉबर्ट हाइंड आणि एल. ए. बार्डन यांनी वेगवेगळ्या काळातले टेडी मोजपट्टी लावून मोजले आणि 1985 मध्ये दाखवून दिलं, की वर्षं सरत गेली तसं नाकाड आखूड आणि कपाळ मोठं होत गेलं. म्हणजे अस्वलाचं हळूहळू माणसाचं तान्हं बाळ झालं. आणि हे कोणाच्या हट्टापायी? 1995 मधल्या एका अभ्यासात चार वर्षांच्या मुलांनी बाळचेहऱ्याच्या टेडीला पसंती दिलीच नाही, ती दिली त्याहून मोठ्या मुलांनी. दुकानात पैसे कोण मोजतं, हे वेगळं सांगायला नको.

चित्रकारांशी माझी दोन बारीक भांडणं आहेत. एक, पाऊल. अस्वल आपल्यासारखंच टाच टेकवून चालतं, त्यामुळे मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखा दिसतो. पण अंगठा हुडकायला जाल तर फसाल. अस्वलाचं सगळ्यांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं आणि सगळ्यांत लहान आतल्या. पुस्तकांतले ठसे बहुतेक वेळा माणसाचेच असतात, पुढं नख्या जोडलेले. दुसरं भांडण पांडाच्या शेपटीचं. पाय काळे, कान काळे, म्हणून चित्रकार शेपटीही काळी करून टाकतो. ती पांढरी असते. (ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन एकाच हिमनगावर बसवणाऱ्यांशी मी भांडतही नाही. 'आर्क्टिक' हा शब्दच अस्वलाच्या ग्रीक नावावरून, 'आर्क्टोस'वरून, आला आहे. आपल्या 'ऋक्ष'चा तो सख्खा भाऊ. ही अस्वलं उत्तर ध्रुवाकडची आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धातले, त्यांची गाठ पडायची नाही.)

अस्वलांच्या जाती आठच, पण पुस्तकांत भेटतं ते बहुधा एकच, तपकिरी आणि मध चाटणारं. खरं तर पोळं फोडणाऱ्या अस्वलाला मधाइतक्याच, किंबहुना त्याहून जास्त, आतल्या अळ्या हव्या असतात, कारण प्रथिनं आणि चरबी त्यांत असते. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या डोंगरमाथ्यावर उन्हाळ्यात ग्रिझली (म्हणजे तिथली तपकिरी) अस्वलं दगड उलथून खाली दडलेले पतंग खातात, एकेक अस्वल दिवसाला 40,000 पर्यंत, असा अंदाज आहे. दक्षिण आशियातल्या आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी हवेच्या झोतासरशी ओढून घेतं आणि तो आवाज शंभर मीटरहून लांब ऐकू जातो. मोठ्यानं वाचायच्या पुस्तकाला यापेक्षा चांगला आवाज कुठला मिळणार! 1791 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी याच अस्वलाला 'स्लॉथ' (झाडाला उलटा लटकणारा संथ प्राणी) समजून नाव दिलं होतं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांची फसगत होते हे कळलं, की मुलं भलतीच खूश होतात.

एका कथानकाबद्दल मात्र मी गंभीर आहे. जंगलात हरवलेलं एकटं पिल्लू दिसतं, मूल त्याला उचलून आईकडे पोचवतं. गोड वाटतं, पण खऱ्या जंगलात पिल्लू एकटं दिसलं म्हणजे आई बहुधा हाकेच्या अंतरावर असते आणि तिच्या-पिल्लाच्या मधे जाण्याइतकी धोक्याची दुसरी जागा नाही. अस्वल ताशी 50 किलोमीटरच्या आसपास पळू शकतं, चढावर आणि उतारावरही. याउलट पुस्तकांत मागच्या दोन पायांवर उभं राहिलेलं, जबडा वासलेलं अस्वल भीतीचं चिन्ह असतं. प्रत्यक्षात ते बहुतेकदा नीट वास घ्यायला, काय आहे ते बघायला उभं राहतं. चिडलेलं किंवा घाबरलेलं अस्वल फुसफुसतं, दात कटकट वाजवतं. म्हणजे ज्याला घाबरायचं नाही त्याला मुलं घाबरतात, आणि जिथून पाय काढायचा तिथं धावत जातात.

हे सगळं मी भाचीला आठवडाभर रोज थोडं थोडं सांगत होतो. रविवारी ती पांडाचं पुस्तक आणि व्हाइटनरची बाटली घेऊन जमिनीवर पसरलेली दिसली. सतरा पानांवरच्या सतरा शेपट्या पांढऱ्या झाल्या होत्या. पुस्तक वाचनालयाचं होतं.