पंधरा घरांची झांज

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम नव्वदच्या दशकात ज्यांनी खेळला, त्यांच्यातल्या बहुतेकांना आजही वाटतं की त्यातली गाणी कॅसेटमध्ये भरलेली असायची. परवा सोलापुरात नव्या पेठेतल्या एका दुकानात जुना संच उचलून पाहत होतो, तर दुकानदारही तेच म्हणाला, "कॅसेट नाही त्याला, आवाज कुठनं येणार?"

हिशेब करून पाहा. पहिल्या मारिओचा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. तेवढ्या जागेत सीडीच्या दर्जाचं पाव सेकंदाचंही ध्वनिमुद्रण मावत नाही. गाणं भरलेलं नव्हतंच, ते त्या क्षणी वाजवलं जात होतं. वाजवणारी चिप डब्यात असते आणि तिला पियानोसारखा कीबोर्ड जोडता येतो. लोक भंगारात घालतात ते एक चालू वाद्य आहे.

आपल्याकडे मिळणारे बहुतेक संच म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. फॅमिकॉम जपानमध्ये आला जुलै १९८३ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले गेले आणि मिडी (वाद्यांनी एकमेकांना हुकूम धाडायची ठरलेली भाषा) लोकांसमोर आलं. सोलापूरकरांना मिडी कळायला चादरीच्या मागावरचा, नक्षी विणणारा जकार्ड पुरे. पंच कार्डात सूत नसतं, कुठला धागा उचलायचा एवढा हुकूम असतो. मिडीतही आवाज नसतो. कळ दाबली की तीन बाइट जातात: स्वर चालू कर, कोणता, किती जोरात. ४४० हर्ट्झचा स्वर म्हणजे ६९ क्रमांक. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने हा हुकूम एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो.

जोडणी फार अवघड नाही. मिडीची वायर आधी ऑप्टोकप्लरमध्ये जाते. तो इशारा प्रकाशातून पुढे पोचवतो, म्हणजे दोन यंत्रांत विजेचा थेट संबंध राहत नाही. पुढे आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक. गेमचं पॅड आपल्या बटणांची स्थिती एकेक बिट करून डब्याला कळवत असतं. मायक्रोकंट्रोलर त्या पॅडचं सोंग घेतो आणि बटणांऐवजी स्वरांचे क्रमांक कळवतो. कॅसेटच्या जागी आपला छोटा प्रोग्रॅम लिहिलेली चिप बसवायची. तो प्रोग्रॅम क्रमांक वाचून ध्वनीच्या रजिस्टरांत, म्हणजे चिपमधल्या आकडे ठेवायच्या जागांत, आकडे टाकतो.

स्वर निघतो तो भागाकारातून. मूळ जपानी संचाचं घड्याळ सेकंदाला १७,८९,७७३ ठोके देतं. त्याला १६ ने आणि मग २५४ ने भागलं की ४४०.४ हर्ट्झ. पण भाजक पूर्णांकच लागतो. १७६० हर्ट्झ हवे असतील तर ६४ ने भागून १७४७.८ मिळतात, ६३ ने १७७५.६, आणि मधे काहीच नाही. वरच्या सप्तकात हे संच किंचित बेसूर लागतात ते यामुळे.

हर्ट्झचा विषय निघालाच आहे, तर ४३२ चंही बोलून टाकतो. ४३२ हर्ट्झला जुळवलेलं संगीत म्हणे पेशी दुरुस्त करतं, कारण ते "विश्वाचं कंपन" आहे. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवला, दिवसाचे ८६,४०० भाग करून. एक लाख भाग केले असते, तर तोच स्वर ३७३ म्हणून ओळखला गेला असता. विश्वाला या आकड्याचं काही सोयरसुतक नाही.

आता माझ्या सर्वांत आवडीचा भाग: खरखर. झांज, स्फोट, पाऊस हे सगळे आवाज तिच्यातून येतात. खरखर म्हणजे कुठलाही क्रम नसलेला आवाज. मग नुसती मोजणी करणारी चिप तो काढते कशी?

तिच्यात १५ घरं आहेत, प्रत्येकात ० किंवा १. दर ठोक्याला सगळे आकडे एक घर उजवीकडे सरकतात. उजव्या टोकाचा आकडा आवाज चालू की बंद ते ठरवतो. डावीकडे रिकाम्या झालेल्या घरात काय घालायचं? सरकण्याआधी उजवीकडची शेवटची दोन घरं पाहायची. वेगळी असली तर १, सारखी असली तर ०. नियम एवढाच.

चार घरांवर कागद-पेन्सिलीने करून पाहा: ०००१, १०००, ०१००, ००१०, १००१, ११००, ०११०... पंधरा पायऱ्यांनी पुन्हा ०००१ येतं. उजव्या टोकाचे आकडे ओळीने लिहिले तर १०००१००११०१०१११. डोळ्यांना यात क्रम सापडत नाही, पण एकही आकडा नशिबाने आलेला नाही. १५ घरांत हीच फेरी ३२,७६७ पायऱ्यांची होते. फक्त सगळी शून्यं चालत नाहीत. तिथून पुढे शून्यच येत राहतं, म्हणून संच सुरू होताना चिप एका घरात १ ठेवते. शेवटची दोनच घरं पुरतात, कारण ०-१ च्या गणितात क्ष^१५ + क्ष + १ ही बहुपदी प्रिमिटिव्ह आहे, म्हणजे तिच्यातून शक्य तेवढी लांब फेरी मिळते. घरं १६ असती, तर कुठल्याही दोन घरांच्या तुलनेने पूर्ण फेरी मिळालीच नसती.

खरखरीच्या रजिस्टरातला एक बिट बदलला की शेवटच्या घराची तुलना शेजाऱ्याऐवजी उजवीकडून सातव्या घराशी होते. फेरी एकदम आखडते, बहुधा ९३ पायऱ्यांवर. तोच नमुना इतक्या भराभर फिरतो की कान खरखर सोडून स्वर ऐकू लागतो, धातूवर काही आपटल्यासारखा. मिडीच्या ड्रम चॅनेलवर ३८ म्हणजे स्नेअर (खरखरत वाजणारा ड्रम) आणि ४२ म्हणजे बंद हाय-हॅट (मिटलेल्या झांजांची जोडी). ३८ ला लांब फेरी द्यावी, ४२ ला लांबच पण जलद ठोक्याची, आणि आखूड फेरी घंटेसाठी राखून ठेवावी.

संच घेताना तो उघडून पाहावा. सुट्या, पाय असलेल्या चिपा दिसल्या तर उत्तम. काळ्या लाखेसारखा ठिपका असेल, तर ध्वनीच्या पिना हाती लागत नाहीत आणि ऑडिओ आउटवरच भागवावं लागतं. शिवाय अनेक नकली संचांत चौकोनी लहरीच्या २५ आणि ५० टक्के रुंदीची (प्रत्येक कंपनात लहर किती वेळ चालू राहते, त्याची) अदलाबदल झालेली असते. पोकळ, बासरीकडे झुकणारा आवाज ५० टक्क्यांचा, पातळ आणि नाकातला २५ चा. उलटं ऐकू आलं तर प्रोग्रॅममध्ये ते दोन आकडे आपसात बदलावेत.