आरडीएस (रेडिओ डेटा सिस्टीम)

एफएम लावलं की गाडीच्या डिस्प्लेवर फ्रिक्वेन्सीच्या जागी स्टेशनचं नाव येतं, ते आरडीएसमुळे. आवाजाच्या जोडीनंच थोडा डिजिटल डेटा पाठवायची ही पद्धत युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं तयार केली, पहिलं स्पेसिफिकेशन 1984 सालचं. अमेरिकेत थोडे बदल करून तिचं आरबीडीएस झालं.

एफएमच्या सिग्नलमध्ये मोनो आवाज 15 किलोहर्ट्झपर्यंत असतो, 19 वर स्टिरिओचा पायलट टोन (प्रसारण स्टिरिओ आहे हे रेडिओला सांगणारा सूर), 23 ते 53 मध्ये डाव्या-उजव्या चॅनलमधला फरक, आणि त्याच्यावर जी जागा उरते तिथं 57 किलोहर्ट्झवर आरडीएस बसवलंय. 57 म्हणजे पायलटची बरोब्बर तिप्पट, त्यामुळे स्टेशनवरचा एन्कोडर (हा डेटा सिग्नलमध्ये बसवणारं यंत्र) पायलटलाच लॉक होतो, म्हणजे त्याच्याच तालावर चालतो. गाणी वाजवणारं प्लेआउट सॉफ्टवेअर चालू गाण्याचं नाव एन्कोडरला देतं, तो ते ट्रान्समीटरकडे ढकलतो, नवीन फ्रिक्वेन्सी वगैरे काही लागत नाही.

स्पीड मात्र अगदीच कमी, सेकंदाला 1187.5 बिट. 104 बिटचा एक ग्रुप असतो, त्यात 26-26 चे चार ब्लॉक, आणि प्रत्येक ब्लॉकमधले 10 बिट नुसते चूक पकडायला जातात. स्टेशनच्या नावाला आठच अक्षरं, तीही एका ग्रुपमध्ये दोन-दोन करून येतात, म्हणून सिग्नल कच्चा असला की अर्धंच नाव दिसतं. गाणं, कलाकार वगैरेसाठी 64 अक्षरांचा रेडिओटेक्स्ट वेगळा आहे, तरी बरीच स्टेशनं त्या आठ अक्षरांतच जाहिराती सरकवत बसतात, जे स्पेसिफिकेशनमध्ये बसत नाही आणि गाडी चालवणाऱ्याचं लक्षही उडवतं. मूळ अक्षरसंचात देवनागरी नाही, त्यामुळे मराठी गाण्याचं नावसुद्धा इंग्रजी लिपीतच पाठवावं लागतं.

पण खरं काम नाव दाखवण्याचं नाहीच, ते आहे पीआय कोड आणि एएफ यादीचं. पीआय हा 16 बिटांचा स्टेशनचा ओळख नंबर, आणि एएफ म्हणजे तोच कार्यक्रम आणखी कुठल्या फ्रिक्वेन्सींवर लागतो त्याची यादी. लांबच्या प्रवासात एक टॉवर मागे पडला की रेडिओ यादीतली दुसरी फ्रिक्वेन्सी चाचपतो, पीआय जुळला की गुपचूप तिकडे जातो, ऐकणाऱ्याला बटण दाबावं लागत नाही. बीबीसी रेडिओ 2 सारख्या देशभर एकच कार्यक्रम लावणाऱ्या नेटवर्कला हे फार सोयीचं. आपल्याकडे खाजगी एफएमचं लायसन्स शहरागणिक, मुंबईचा आणि पुण्याचा कार्यक्रमच वेगळा, मग तिथं एएफ काय कामाचं!

टीए (ट्रॅफिक अनाउन्समेंट) म्हणून एक फ्लॅग, म्हणजे चालू-बंद खूण, असतो, तो चालू झाला की सीडी थांबवून ट्रॅफिकची बातमी आपोआप लागते. टीएमसीमधून (ट्रॅफिक मेसेज चॅनल) रस्त्यावरच्या कोंडीचे कोड थेट नेव्हिगेशनला जातात, युरोपात हे बरंच वापरलं गेलं.

आरडीएस2 या पुढच्या आवृत्तीत 66.5, 71.25 आणि 76 किलोहर्ट्झवर आणखी तीन सबकॅरियर (57 सारख्याच डेटा वाहून नेणाऱ्या लहरी) वाढवता येतात, मग स्टेशनचा लोगोसुद्धा पाठवता येतो, फक्त समोरचा रिसीव्हर तसा पाहिजे.