पिस्टन आत्ता नेमका कुठे आहे?

बारावीचा निकाल लागला की वडोदऱ्यात कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर यंत्रांचं डिझाइन, शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिराती सुरू होतात. फिरत्या इंजिनाचं चित्र, आणि खाली आश्वासन की सॉफ्टवेअर सगळं आपोआप करतं. हे खरं नाही. आत जे घडतं ते शाळेतल्या भूमितीवर उभं आहे, आणि ते समजून घेण्यात फार आनंद आहे.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत कॅडवर बसणारी नवी मुलं हमखास विचारतात, "पिस्टन हलतोय ते दिसतंय, पण तो आत्ता किती मिलिमीटरवर आहे ते कुठे लिहिलंय?" लिहिलेलं असतं. फक्त तो आकडा कोणी भरलेला नसतो, ते शेवटच्या गणिताचं उत्तर असतं. क्रँक, म्हणजे पिस्टनला हलवणारा फिरता दांडा, जरा फिरवली की ते पुसलं जातं आणि गणित पुन्हा मांडलं जातं.

मोकळ्या पार्टला सहा तऱ्हांनी हलता येतं: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. असेंब्लीत, म्हणजे पार्ट जोडून केलेल्या यंत्रात, प्रत्येक पार्टसाठी 16 आकड्यांचा एक चौकोनी तक्ता असतो. त्याची शेवटची ओळ ठरलेली, म्हणून कामाचे 12 आकडे: तीन पार्ट कुठे आहे ते सांगतात, नऊ तो कसा वळलाय ते. आपण दोन पार्टमध्ये मेट लावतो, म्हणजे 'हा अक्ष त्या अक्षावर' किंवा 'हा पृष्ठभाग त्याला टेकलेला' अशी अट घालतो, तेव्हा त्या सहांतल्या काही हालचाली बंद होतात. अटींवर चित्र उभं करण्याची ही कल्पना आयव्हन सदरलंड यांनी 1963 साली एमआयटीत स्केचपॅड या प्रोग्राममध्ये करून दाखवली होती.

आता एक साधी यंत्रणा घेऊ. क्रँक 50 मिमी, तिला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड 150 मिमी, पिस्टन एका सरळ रेषेत सरकणारा. क्रँक 60 अंशांवर आणली, तर क्रँकपिन, म्हणजे रॉड जोडलेलं क्रँकचं टोक, क्रँकच्या केंद्रापासून 25 मिमी पुढे आणि 43.3 मिमी वर येते. पिस्टनची पिन तिच्यापासून बरोबर 150 मिमीवर हवी. वडोदऱ्यात 1890 साली सयाजीरावांनी सुरू केलेल्या कलाभवनाच्या परंपरेत, आजच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकलेल्या मागच्या पिढीनं हे ड्रॉइंग बोर्डावर काढलेलं आहे. क्रँकपिनवर कंपास टेकवायचा, 150 चा कंस मारायचा. पण तो कंस रेषेला दोन ठिकाणी छेदतो! एक बिंदू उजवीकडे 168.614 मिमीवर, दुसरा डावीकडे 118.614 मिमीवर. काढणारा डोळ्यांनी पाहून उजवा घेतो. कॉम्प्युटरला डोळे नाहीत, आणि दोन्ही उत्तरं अटीत चोख बसतात.

मग तो निवडतो कसं? इथे अंदाज सुधारत उत्तराकडे जाणारी न्यूटन-रॅफसन पद्धत येते, आणि मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच. क्रँक शून्य अंशावर असताना पिस्टन 200 मिमीवर होता. तोच पहिला अंदाज धरायचा. अट किती मोडते ते मोजायचं: (200 − 25) चा वर्ग अधिक 43.3 चा वर्ग, वजा 150 चा वर्ग, म्हणजे 10,000. तिथला चढ, म्हणजे अंदाज सरकवला की हा आकडा ज्या दरानं बदलतो तो, 350. भागाकार 28.571, तेवढं मागे सरकायचं. नवा अंदाज 171.429. पुन्हा तेच केलं की 168.641. तिसऱ्यांदा 168.614. चूक आधी 31 मिमी, मग 2.8, मग 0.027, आणि तिसऱ्या पायरीला मायक्रॉनच्याही खाली! दर पायरीला उरणारी चूक साधारण आधीच्या चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती अशी कोसळते. खऱ्या असेंब्लीत अशी शेकडो समीकरणं एकत्र सोडवायची असतात, तिथे एका चढाच्या जागी चढांचा मोठा तक्ता येतो. तो जेकोबियन.

सुरुवात उजवीकडून केली म्हणून उत्तर उजवीकडचं आलं. अंदाज 25 च्या डावीकडे असता, तर पिस्टन पलीकडे जाऊन बसला असता. बरोबर 25 वर असता, तर चढ शून्य आणि भागाकारच अशक्य. माउसनं पार्ट जोरात ओढला की बिजागरी उलटी वळते किंवा रॉड पलटी खातो, त्याचं एक नेहमीचं कारण हेच: उडी मोठी झाली आणि गणित दुसऱ्या उत्तराकडे घरंगळलं.

क्रँकऐवजी पिस्टन ओढून पाहा. 200 वर क्रँक आणि रॉड एका रेषेत येतात, आणि तिथून क्रँकनं वर जावं की खाली, हे पिस्टन सांगू शकत नाही. हा डेड सेंटर. पायानं चालवायचं शिलाई मशीन ज्यांनी चालवलंय त्यांना हे हाताला ठाऊक आहे. पायटा नेमका त्या जागी थांबला की कितीही दाबा, चाक हलत नाही, किंवा उलटं फिरून दोरा तोडतं. चाकाला हातानं झटका द्यावा लागतो. मशीन एकाच जागी अडतं म्हणून त्याला नजर लागली समजून लिंबू-मिरची टांगलेली मी कारखान्यांत पाहिली आहे. ते मनापासून थांबायला हवं. दांडे एका रेषेत आलेत का, हे पट्टी लावून पाहिलं तर कारण पाच मिनिटांत सापडू शकतं.

स्थानाचा माग ठेवायचा तर क्रँकच्या कोनालाच चालक करा, एकेक अंश पुढे न्या आणि दर वेळी ठरलेल्या पृष्ठभागापासून पिस्टनपर्यंतचं अंतर नोंदवून आलेख काढा. 90 अंशांवर पिस्टन मधोमध, म्हणजे 150 वर असेल असं बहुतेकांना वाटतं. तो असतो 141.42 वर, कारण रॉड तिरका झालेला असतो आणि त्याची आडवी पोच कमी होते. म्हणून आलेख शुद्ध कोसाइनसारखा दिसत नाही, एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला पसरट दिसतो. त्यात मध्येच उभी उडी दिसली, तर पार्टची मापं बदलू नका. आधी एक अंशाऐवजी पाव अंशाची पायरी घेऊन पाहा.