लोकरीचा गुंडा: आतलं टोक, बाहेरचं टोक आणि पीळ

"आतून ओढली की लोकर गुंतत नाही." विणकामाच्या व्हिडिओंत हे इतक्या ठामपणे सांगतात, की ऐकलं की सुया बाजूला ठेवाव्याशा वाटतात. गुंतते हो, चांगली गुंतते. फक्त तिची गुंतायची तऱ्हा वेगळी.

बाहेरून सुटणारा गुंडा कुणाला शिकवायला नको. लड समोरच्याच्या हातांवर नाहीतर खुर्चीच्या पाठीवर चढवायची आणि गोल होईपर्यंत गुंडाळायचं. विणताना तो घरभर लोळतो, म्हणून वाडग्यात ठेवायचा. झालं.

आतून सुटणाऱ्याला यंत्र लागतं, हाही गैरसमजच. पहिलं टोक वीतभर सोडून तळहातात धरायचं, अंगठ्यावर तिरके वेढे घालत जायचे, शेवटी अंगठा काढून घ्यायचा. अंगठ्याऐवजी जाड मार्करही चालतो. स्कँडिनेव्हियात त्यासाठी नॉस्टेपिन्ने नावाची लाकडी दांडी असते. हा गुंडा जागचा हलत नाही, म्हणून प्रवासात बरा. दिसायला कुठला सुबक, हा वाद ज्यांना वेळ आहे त्यांनी घालावा.

खरा फरक पिळाचा. साटीनची रिबीन बाटलीवर गुंडाळून बघा. बाटली आडवी गडगडू देत रिबीन ओढली, तर ती सपाट सुटते. बाटली उभी धरून, न फिरू देता, बुचाच्या दिशेनं ओढली तर वेढ्यागणिक एक पीळ पडतो. लोकरीचंही तेच. बाहेरचा गुंडा लोळतो म्हणून पीळ पडत नाही. आतला बसून राहतो, त्यामुळे प्रत्येक वेढा धाग्यात एक पीळ घालतो किंवा असलेला एक काढतो. अंगठ्यावरच्या वेढ्याचा घेर 8 सेंमी धरा: मीटरमागे बारा पीळ. त्याच गुंड्याच्या सगळ्यात वरच्या, 25 सेंमीच्या वेढ्यांत चारच. म्हणून ऐन सुरुवातीलाच धागा स्वतःभोवती वळतो आणि माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो.

आणि गुंडाळतानाही पीळ पडतो, हे तर कुणी सांगतच नाही. गुंडा स्थिर धरून धागा त्याच्याभोवती फिरवलात, की प्रत्येक फेऱ्याला एक पीळ आत गेला. मग विणताना गुंडा कितीही छान लोळो, तो पीळ तसाच राहतो. तेव्हा धागा फिरवू नका, गुंडा फिरवा. अंगठ्यावरच्या गुंड्यात मात्र धागाच फिरतो. तिथे टोक एका बाजूनं ओढलं तर गुंडाळताना पडलेला पीळ निघून जातो, दुसऱ्या बाजूनं ओढलं तर दुप्पट होतो. धागा वळायला लागला तर टोक पोकळीतून पलीकडे काढून बघा. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं.

घट्ट पिळाच्या चारपदरी लोकरीला यातलं काही फारसं जाणवत नाही. एकपदरी किंवा सैल पिळाच्या लोकरीला जाणवतं. पदर सुटले की सुई टाक्यातून जायची ती पदरांच्या मधून जाते, आणि असा टाका उसवताना जीव जातो. असली लोकर मी बाहेरूनच सोडते, प्रवास असो नसो.

दगडासारखा घट्ट गुंडा मात्र दोन्हीकडे वाईट. लोकर ताणलेली राहते, ताणलेलीच विणली जाते, आणि पहिल्या धुण्यात स्वेटर अंगाला आखूड होतो. गुंडाळताना दोन बोटं वेढ्यांखाली ठेवा आणि दर थोड्या वेढ्यांनी काढून घ्या, तेवढी सैल पुरते.

आतला गुंडा संपत आला की पोकळ होऊन कोसळतो आणि उरलेली सगळी लोकर एकदम बाहेर येते. त्याची वाट बघू नका. भिंत पातळ झालेली हाताला कळली, की उरलेल्याचा साधा गुंडा करून बाहेरून विणा.