कलिल चांदी : घरगुती निर्मिती व दर्जा

चांदीचे साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण पाण्यात तरंगत राहिले, की त्या द्रावाला कलिल चांदी म्हणतात. काही जण तो औषध म्हणून पिण्यासाठी घरीच बनवतात. घरी या नावाने जे तयार होते, त्यातली बरीचशी चांदी मात्र कणांच्या नव्हे, तर आयनांच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या विद्युतभारित अणूंच्या रूपात असते, आणि दर्जासंबंधीचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

कृती विद्युत्-विच्छेदनाची आहे. शुद्ध पाण्यात चांदीच्या दोन तारा एकमेकींना न टेकता सोडून त्यांना कमी दाबाचा एकदिश विद्युत्प्रवाह देतात. त्यासाठी ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडण्याची पद्धत जुनी आहे. तार ९९.९ टक्के किंवा त्याहून शुद्ध असावी लागते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेले पैंजण वा जोडवी या कामी चालत नाहीत, कारण ९२५ छापाच्या चांदीतही साडेसात टक्के इतर धातू, बहुधा तांबे, असतो आणि तोही पाण्यात उतरतो. नळाच्या पाण्यातील क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइडचा दुधी गढूळपणा येतो. घरच्या आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. इन्व्हर्टरसाठी कॅनमध्ये मिळणारे पाणी क्षारमुक्त असले, तरी ते पिण्यासाठी भरलेले नसते. काम लवकर उरकावे म्हणून चिमूटभर मीठ टाकणे हा तर घाणा बिघडवण्याचा हमखास मार्ग आहे.

शुद्ध पाणी विजेला फारसे वाहू देत नसल्याने सुरुवातीला प्रवाह नगण्य असतो, पण आयन वाढतील तसा तो वाढत जातो आणि आवरला नाही, तर कण मोठे होऊन तारेवर काळपट थर व तळाशी गाळ धरतो. म्हणून प्रवाहावर मर्यादा घालणारी जोडणी, हलके ढवळणे आणि ठरावीक वेळाने ध्रुव उलटणे (तारांची धन-ऋण जोडणी अदलाबदल करणे) हे उपाय केले जातात. चांदीचे प्रमाण फॅरडेच्या नियमाने, म्हणजे किती वीज वाहिली त्यावरून, काढता येते. ५ मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर जास्तीत जास्त सुमारे २० मिलिग्रॅम चांदी सुटते, अर्थात लिटरभर पाण्यात २० पीपीएम (लिटरला २० मिलिग्रॅम) ही वरची मर्यादा झाली. त्यातली काही दुसऱ्या तारेवर जाऊन बसते.

पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर चांदीचे प्रमाण मोजण्याच्या कामी सर्रास वापरला जातो, परंतु तो विद्युतवाहकता मोजून तिचे क्षारांच्या हिशेबाने आकड्यात रूपांतर करतो. वाहकता आयनांमुळे येत असल्याने चांदीचे कण त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. लेझरचा झोत द्रावात रेषेसारखा दिसला, तर कण आहेत एवढेच कळते, तेही धूळ नसेल तर. झोत न दिसणाऱ्या स्वच्छ द्रावातही आयनरूप चांदी भरपूर असू शकते. सूक्ष्म कण सुमारे ४०० नॅनोमीटरचा जांभळट-निळा प्रकाश शोषतात, त्यामुळे फिकट पिवळा रंग येतो. द्राव करडा वा गढूळ होणे हे कण एकत्र येऊन गोळा झाल्याचे चिन्ह आहे. खरे प्रमाण अणुशोषण वर्णपटमापनासारख्या प्रयोगशाळेतील चाचणीनेच कळते, आणि ते एका घाण्याचे असते, पुढच्या घाण्याचे नव्हे.

दर्जा कितीही सांभाळला, तरी पिण्याच्या दृष्टीने हा द्राव सुरक्षित ठरत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम ठेवते. २० पीपीएमचा द्राव तिच्या २०० पट होतो. दीर्घकाळ सेवनाने त्वचा कायमची निळसर-करडी होते (अर्जिरिया), शिवाय थायरॉइडच्या व काही प्रतिजैविकांच्या गोळ्यांचे शोषण घटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या कलिल चांदीच्या औषधांना सुरक्षित वा परिणामकारक मानण्यास नकार दिला. भाजलेल्या जखमांवर लावले जाणारे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम हे ठरावीक प्रमाणाचे वेगळे औषध असून त्याचा दाखला या घरगुती द्रावाला लागू पडत नाही.

बिघडलेला घाणा मोरीत ओतणेही योग्य नव्हे. चांदीचे आयन जलचरांना अत्यंत विषारी असतात, आणि ठाणे व नवी मुंबईचे सांडपाणी ज्या ठाणे खाडीकडे जाते, तिला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळालेला आहे.