टाय झाला की टॉस: एनबीए लॉटरीतल्या एका जादा नंबरामागची गोष्ट

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिथे टीम नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात, तो ड्राफ्ट. एकेक पाळी म्हणजे पिक, आणि पहिल्या पाळ्या कोणाच्या हे सोडतीने ठरतं, ती लॉटरी. आयपीएल बघून मोठे झालेल्या आपल्या लोकांना दोन टीमचे पॉइंट सेम झाले की लगेच नेट रनरेट आठवतो. त्यामुळे एनबीएच्या ड्राफ्ट लॉटरीत दोन टीमचा रेकॉर्ड (किती जिंकल्या, किती हरल्या) सेम असेल तर काय करतात याचं उत्तर ऐकून बरेच जण हसतात. नशिबावर सोडतात, बास. एकमेकांविरुद्ध कोण जिंकलं, किती पॉइंटने जिंकलं, काही बघत नाहीत. प्लेऑफसाठी हे सगळं बघतात, लॉटरीसाठी नाही, आणि मला तरी ते पटतं, कारण इथे वरचा नंबर मिळतो तो जास्त हरणाऱ्याला, मग आपसातल्या मॅचवर टाय सोडवायला लागले तर सीझनच्या शेवटी दोन गाळात गेलेल्या टीम समोरासमोर आल्या की दोघीही जीव तोडून हरायला बघतील.

गंमत म्हणजे टॉस हा प्रकार टाय सोडवायला आलेलाच नाही, तो त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. १९६६ ते १९८४ पहिला पिक कोणाचा हे नाणं उडवूनच ठरायचं, ईस्ट आणि वेस्ट हे लीगचे दोन भाग, ईस्टमधली तळाची टीम आणि वेस्टमधली तळाची टीम, छापा की काटा. दोघींत जास्त वाईट कोण हा प्रश्नच नव्हता. १९६९ ला फिनिक्सने ८२ पैकी फक्त १६ मॅच जिंकल्या होत्या आणि मिलवॉकीने २७, म्हणजे सरळ हिशोबाने फिनिक्सचा नंबर आधी. फिनिक्सवाल्यांनी फॅन्सना विचारून छापा मागितला, काटा पडला, आणि ल्यू अल्सिंडर मिलवॉकीला गेला. हाच पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला आणि १९७१ ला मिलवॉकी चॅम्पियन. १९७९ ला शिकागोनेही फॅन्सचा कौल घेऊन छापा मागितला, परत काटा, आणि मॅजिक जॉन्सन लेकर्सकडे, तोही लेकर्सच्या स्वतःच्या पिकने नाही, न्यू ऑर्लिन्स जॅझकडून ट्रेडमध्ये आलेल्या पिकने. शिकागो आणि टॉस हे प्रकरण खाली परत येणार आहे, लक्षात ठेवा.

१९८४ ला ह्यूस्टन टॉस जिंकून हकीम ओलाजुवॉन घेऊन गेलं, आदल्या वर्षीही तेच टॉस जिंकले होते. टीम मुद्दाम हरतात म्हणून बोंबाबोंब झाली आणि १९८५ पासून लॉटरी आली. प्लेऑफला न पोचलेल्या सात टीम, सात पाकिटं, सगळ्यांना समान चान्स. न्यूयॉर्कचं पाकीट निघालं, पॅट्रिक यूइंग त्यांना मिळाला, आणि लीगचा प्रमुख म्हणजे कमिशनर डेव्हिड स्टर्नने काढलेलं ते पाकीट आधी फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, हाताला गार लागावं म्हणून, ही थिअरी आजतागायत मेलेली नाही. पण आपल्या मुद्द्याचं बघा, चान्स सगळ्यांना सारखाच असल्यावर रेकॉर्ड सेम असला काय आणि नसला काय, चान्सला काहीच फरक पडत नाही.

फरक पडायला लागला १९९० पासून. अकरा टीम, सगळ्यात वाईट टीमला ११ चान्स, पुढचीला १०, असं करत शेवटच्या टीमला १, एकूण ६६. यातूनच १९९३ चा किस्सा झाला. ऑरलँडो आणि इंडियाना दोघी ४१-४१, प्लेऑफची शेवटची जागा टायब्रेकवर इंडियानाला. ऑरलँडो बाहेर, म्हणजे लॉटरीतली सगळ्यात चांगली टीम, ६६ पैकी १ चान्स, आणि तोच लागला. आदल्या वर्षीच त्यांना पहिल्या पिकवर शकील ओनील मिळालेला होता! बाकीच्यांचा जो जळफळाट झाला त्यातून १९९४ ला आत्ताची पद्धत आली.

ही पद्धत नीट समजून घ्या कारण सगळी मजा इथेच आहे. मशीनमध्ये १ ते १४ नंबरचे बॉल, त्यातले चार काढायचे, कुठला आधी आला याला महत्त्व नाही. असे चार-चारचे १००१ गट होतात. ११-१२-१३-१४ हा गट कुणालाच देत नाहीत, उरले १०००, ते टीमना वाटतात. आधी सगळ्यात वाईट टीमला २५० मिळायचे, २०१९ पासून तळाच्या तिघींना १४० प्रत्येकी, मग १२५, १०५, ९०, ७५ असं उतरत शेवटच्या म्हणजे चौदाव्या टीमला ५. बॉलने आता पहिले चार पिक ठरतात, बाकीचे रेकॉर्डप्रमाणे.

मग टाय झाला की? सोपंय, त्या जागांचे नंबर (म्हणजे वरचे चार-चारचे गट) एकत्र करून समान वाटून टाकायचे. २००७ ला पोर्टलँड आणि मिनेसोटा दोघी ३२-५०, तळापासून जागा सहावी आणि सातवी, तेव्हाच्या तक्त्यात ६३ आणि ४३, बेरीज १०६, प्रत्येकी ५३. पोर्टलँडचा नंबर लागला, त्यांनी ग्रेग ओडन घेतला (पुढे मोठा स्टार झालेला केव्हिन ड्युरँट दुसरा गेला, पोर्टलँडच्या माणसासमोर हा विषय काढू नका). २०१९ ला तर तिघी, न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस आणि डॅलस, सगळ्या ३३-४९. जागांचे ७५, ६० आणि ४५, बेरीज १८०, प्रत्येकी ६०. न्यू ऑर्लिन्सला पहिला पिक म्हणजे झायन विल्यमसन, मेम्फिसला दुसरा म्हणजे जा मोरँट, आणि डॅलसचा दहावा, तोही आधीच अटलांटाला देऊन टाकलेला.

बेरीज विषम आली की मात्र एक नंबर उरतो, आणि तो जातो टायब्रेक जिंकणाऱ्याला. हा नशिबाचा टायब्रेक एप्रिलमध्ये लीगच्या ऑफिसात होतो, लॉटरीच्या काही आठवडे आधी, टीव्हीवर तमाशा नाही काही नाही, बातमीत दोन ओळी येतात. जिंकणाऱ्याला वरची जागाही मिळते, म्हणजे बॉल लागला नाही तर निदान पिक एक नंबर आधी. दुसऱ्या राउंडमध्ये क्रम उलटा करतात, हरलेल्याचं तेवढंच समाधान.

आता २०२५. डॅलस आणि शिकागो, दोघी ३९-४३. अकराव्या आणि बाराव्या जागेचे २० आणि १५, बेरीज ३५. टायब्रेक डॅलसने जिंकला, त्यांना १८ आणि शिकागोला १७. १.८ टक्के आणि १.७ टक्के, एवढ्याशा फरकाचं कोण काय करणार असं कोणालाही वाटेल. १२ मे ला लॉटरी, तीही शिकागोतच, आणि बॉल आले १०, १४, ११, ७. पहिला पिक डॅलसला, कूपर फ्लॅग, आणि फेब्रुवारीतच आपला स्टार लुका डॉन्चिच दुसऱ्या टीमला देऊन टाकणाऱ्या टीमला तो मिळाला म्हटल्यावर यूइंगच्या पाकिटानंतर इतक्या थिअऱ्या कधी ऐकल्या नव्हत्या.

पण मी जरा कागद-पेन घेऊन बसलो. १००१ गट १-२-३-४ पासून क्रमाने मांडले तर ७-१०-११-१४ हा ९५९ वा येतो. ते तळाच्या टीमपासून जागेप्रमाणे वाटत आलं की पहिल्या दहा जागांचे मिळून ९५० होतात, म्हणजे अकराव्या जागेला ९५१ ते ९६८ आणि बाराव्या जागेला ९६९ ते ९८५. म्हणजे बक्षीस त्या एका जादा नंबरावर लागलंच नाही, लागलं जागेवर, आणि टायब्रेक उलटा गेला असता तर हाच गट शिकागोच्या नावावर असता. १९७९ नंतर ४६ वर्षांनी परत तेच, आणि यावेळी तर स्वतःच्या गावात.

टायब्रेक जिंकला म्हणजे भलंच होतं असंही नाही बरं का. २०२३ ला ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो दोघी २२-६०, जागा दुसरी आणि तिसरी, दोन्हीला १४० च, त्यामुळे वाटायला काही नव्हतंच, फक्त आधी कोण एवढंच ठरवायचं होतं. ह्यूस्टन जिंकलं. दुसऱ्या जागेला १४१ ते २८०, तिसरीला २८१ ते ४२०. बॉल आले १४, ५, ८, २, आणि २-५-८-१४ हा गट ४०७ वा. व्हिक्टर वेम्बान्यामा सॅन अँटोनियोला गेला आणि टायब्रेक जिंकलेल्या ह्यूस्टनच्या पदरात चौथा पिक.