गर्भपातसमर्थक राजकारणी आणि कॅथलिक विरोध

गर्भपात, दयामरण यांसारख्या प्रश्नांवर चर्चच्या जीवनरक्षणविषयक शिकवणुकीविरुद्ध जाणारे कायदे करणाऱ्या किंवा अशा कायद्यांची पाठराखण करणाऱ्या लोकप्रतिनिधींना कॅथलिक बिशप, धर्मगुरू आणि प्रापंचिक (धर्मपद नसलेले सामान्य श्रद्धावंत) विविध मार्गांनी विरोध करतात. निवडणुकीपूर्वीची पत्रके, मतदारांना मार्गदर्शन, सन्मान नाकारणे आणि शेवटी ख्रिस्तप्रसाद (मिस्सा या उपासनेत ख्रिस्ताचे शरीर मानून दिली जाणारी भाकर) नाकारणे असे या विरोधाचे प्रकार आहेत. त्याचे पडसाद युरोप आणि लॅटिन अमेरिकेतही उमटले असले, तरी त्याला खरी धार आली ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. गर्भपात हे गंभीर पाप आहे ही शिकवण या वादात गुंतलेला एकही बिशप नाकारत नाही. कायद्याच्या बाजूने मत देणाऱ्याची जबाबदारी किती आणि ती ठरवायची कोणी व कोठे, यावरच वाद आहे. हे लक्षात न घेतल्यामुळे या विषयावरचे बरेचसे लेखन भरकटते.

शिकवणुकीचा आधार पोप दुसरे जॉन पॉल यांच्या २५ मार्च १९९५ च्या ‘एव्हान्जेलियुम व्हिटे’ या परिपत्रात स्पष्टपणे सापडतो. गर्भपाताला मुभा देणाऱ्या कायद्याच्या प्रचारात भाग घेणे किंवा त्याला मत देणे कधीही योग्य ठरत नाही, असे त्याचा ७३ वा परिच्छेद सांगतो. मात्र असा कायदा संपूर्णपणे रद्द करणे शक्य नसेल आणि प्रतिनिधीचा गर्भपाताला असलेला विरोध सर्वांना ठाऊक असेल, तर त्या कायद्याची हानी कमी करणाऱ्या दुरुस्तीला त्याने पाठिंबा द्यायला हरकत नाही, असेही तोच परिच्छेद म्हणतो. हा दुसरा भाग फारसा उद्धृत होत नाही; पण सभागृहात रोज तडजोड करावी लागणाऱ्या माणसाला खरी वाट तोच दाखवतो.

अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांनी १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर ग्वाही दिली होती, की आपल्या सार्वजनिक निर्णयांबाबत चर्च बोलणार नाही आणि आपणही चर्चच्या वतीने बोलणार नाही. त्या काळी कॅथलिक उमेदवाराला अडचण होती ती रोमच्या हस्तक्षेपाबद्दल इतरांच्या मनात असलेल्या भीतीची. २२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताला घटनात्मक हक्काचे संरक्षण दिले आणि चित्र उलटले. आता कॅथलिक उमेदवाराला जाब विचारू लागले ते त्याचेच धर्मबंधू. १९७५ मध्ये बिशपांनी जीवनरक्षणाच्या कार्याची देशव्यापी योजना जाहीर केली. १९८० च्या सप्टेंबरमध्ये, पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीच्या तोंडावर, बॉस्टनचे कार्डिनल उम्बेर्तो मेदेइरोस यांनी काढलेल्या पत्रात गर्भपाताला कायदेशीर करणाऱ्यांच्या दोषात त्यांचे मतदारही वाटेकरी होतात, असा इशारा होता. ज्या दोन उमेदवारांना उद्देशून ते पत्र असल्याचे मानले गेले, ते बार्नी फ्रँक आणि जेम्स शॅनन दोघेही निवडून आले.

१९८४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने उपाध्यक्षपदासाठी जेरल्डिन फेरारो यांना उभे केले आणि न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ओकॉनर यांनी त्यांच्या गर्भपातविषयक विधानांवर जाहीर टीका केली. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमो या कॅथलिक नेत्याने नोत्रदाम या कॅथलिक विद्यापीठात केलेले भाषण या वादातील सर्वांत विचारपूर्वक मांडलेला बचाव म्हणावा लागेल. आपण चर्चची शिकवण मनापासून मानतो, असे ते म्हणाले. पण ज्यावर समाजाचे एकमत नाही ते कायद्याने लादणे शहाणपणाचे ठरेल असे नाही, आणि कायद्याने काय साधेल हा विवेकाचा प्रश्न आहे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. यादवी युद्धापूर्वी अमेरिकन बिशपांनी गुलामगिरीविरुद्ध कायद्याचा आग्रह धरला नव्हता, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. टीकाकारांनी नेमका हाच दाखला उलटवला: ते मौन आज कोणाला भूषणावह वाटते? शिवाय गर्भातील जीवाचा जगण्याचा हक्क ही चर्चच्या मते केवळ श्रद्धेची बाब नाही; तो कोणाही माणसाला बुद्धीने कळू शकतो. म्हणून ‘माझा धर्म इतरांवर लादणार नाही’ हे उत्तर चर्चच्या आक्षेपाला भिडतच नाही. क्युओमो यांचा एकमताचा मुद्दा मात्र तेवढ्याने निकालात निघत नाही.

विरोधाचे सर्वांत कठोर साधन म्हणजे १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील, म्हणजे चर्चच्या अंतर्गत कायद्यातील, ९१५ वे कलम. बहिष्कृत व्यक्तींना, तसेच ‘उघड गंभीर पापात हट्टाने टिकून राहणाऱ्या’ इतरांना ख्रिस्तप्रसाद देऊ नये, असे ते सांगते. यातील प्रत्येक शब्दाला वजन आहे: पाप गंभीर हवे, ते लोकांसमोर उघड हवे आणि समज मिळूनही माणूस त्यातून बाहेर पडत नसावा. लगतचे ९१६ वे कलम प्रसाद घेणाऱ्याच्या सदसद्विवेकाशी बोलते, तर ९१५ वे प्रसाद देणाऱ्याला बांधते. हा निर्णय जिथे अमलात येतो तो क्षण अगदी लहान असतो. मिस्सामध्ये माणसे रांगेने पुढे सरकतात, धर्मगुरू भाकर उचलून ‘ख्रिस्तशरीर’ म्हणतो, समोरचा ‘आमेन’ म्हणतो आणि हात किंवा जीभ पुढे करतो. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत मागच्या सगळ्या रांगेदेखत एखाद्याला रिकाम्या हाती परत पाठवणे देणाऱ्यालाही क्लेशाचे असते. म्हणूनच अनेक बिशप आधी खासगी भेट आणि पत्रव्यवहाराचा मार्ग धरतात.

गर्भपात घडवून आणणाऱ्या व्यक्तीला आपोआप लागू होणारा बहिष्कार कायद्याला मत देणाऱ्या प्रतिनिधीलाही लागतो, असा एक समज आहे. बहुतेक धर्मविधिज्ञ तो मान्य करीत नाहीत. ख्रिस्तप्रसाद नाकारणे ही तांत्रिकदृष्ट्या शिक्षाच नव्हे. २००४ मध्ये कॅथलिक असलेले जॉन केरी डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार असताना सेंट लुईसचे आर्चबिशप रेमंड बर्क यांनी त्यांना प्रसाद देणार नसल्याचे सांगितले. तेव्हा व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत विभागाचे प्रमुख कार्डिनल योसेफ रात्सिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांनी अमेरिकन बिशपांसाठी पाठवलेल्या टिपणात हा फरक नेमका मांडला होता. गर्भपाताच्या मोकळ्या कायद्यांसाठी सातत्याने प्रचार व मतदान करणाऱ्या राजकारण्याला त्याच्या धर्मगुरूने भेटून समजावावे, प्रसादासाठी पुढे येऊ नये असे सांगावे आणि तरीही तो आला तर प्रसाद नाकारावा. हा त्याच्या अंतरंगातील दोषाचा निवाडा नाही, असे त्यात म्हटले होते. बिशपांच्या जूनमधील सभेपुढे त्याचा केवळ सारांश आला आणि पूर्ण मजकूर जुलैमध्ये एका इटालियन नियतकालिकाने छापला. दरम्यान, १८३ विरुद्ध ६ मतांनी संमत झालेल्या निवेदनाद्वारे बिशपांनी हा निर्णय प्रत्येक धर्मप्रांताच्या बिशपावर सोपवला. पुढच्या बहुतेक गोंधळाचे मूळ या तरतुदीत आहे.

त्याच टिपणाच्या शेवटी मतदारांविषयी एक महत्त्वाचा खुलासा आहे. उमेदवार गर्भपाताचा समर्थक आहे म्हणूनच त्याला मत देणारा कॅथलिक दोषी ठरतो. पण ती भूमिका अमान्य असूनही इतर कारणांसाठी मत देणाऱ्याचे सहकार्य दूरचे ठरते, आणि कारणे तितक्याच तोलाची असतील तर ते चालू शकते. ‘तितक्याच तोलाची’ म्हणजे कोणती, यावर दर निवडणुकीत घरोघरी वाद होतात. एकूण अमेरिकन कॅथलिकांपैकी निम्म्याहून अधिक जण बहुतांश परिस्थितींत गर्भपात कायदेशीर असावा असे मत देतात, हेही बिशपांसमोरचे वास्तव आहे.

हा विरोध पक्षाला नसून धोरणाला आहे, असे बिशप सांगतात. पेनसिल्व्हेनियाचे डेमोक्रॅटिक गव्हर्नर रॉबर्ट केसी हे त्याचे ठळक उदाहरण होते. त्यांच्या राज्यातील गर्भपातावरील निर्बंधांचा १९९२ चा सर्वोच्च न्यायालयातील खटला त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण पुढे दोन्ही पक्षांच्या भूमिका इतक्या पक्क्या होत गेल्या, की कोणत्याही बिशपाचे वक्तव्य प्रचारासारखे ऐकू येऊ लागले. १७ मे २००९ रोजी नोत्रदामने अध्यक्ष बराक ओबामा यांना सन्माननीय पदवी दिली, तेव्हा स्थानिक बिशप जॉन डार्सी समारंभाला गेले नाहीत आणि विधिज्ञ मेरी ॲन ग्लेन्डन यांनी विद्यापीठाचे लेतारे पदक हा सन्मान नाकारला. २००४ च्या निवेदनात चर्चच्या मूलभूत नैतिक तत्त्वांविरुद्ध वागणाऱ्यांना कॅथलिक संस्थांनी सन्मान देऊ नये असे स्पष्ट म्हटले होते. ग्लेन्डन यांनी त्याचाच आधार घेतला.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये साउथ कॅरोलायनातील एका चर्चमध्ये कॅथलिक डेमोक्रॅटिक नेते जो बायडन यांना प्रसाद नाकारण्यात आला. ते अध्यक्ष झाल्यावर वॉशिंग्टनचे कार्डिनल विल्टन ग्रेगरी यांनी मात्र तो सुरू ठेवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिशपांनी ख्रिस्तप्रसादावरील दस्तऐवज २२२ विरुद्ध ८ मतांनी संमत केला. त्यात कोणाही राजकारण्याचे नाव नव्हते. २० मे २०२२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप साल्व्हातोरे कॉर्डिलिओनी यांनी प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पेलोसी यांना आपल्या धर्मप्रांतात प्रसाद मना केला आणि जूनअखेर पेलोसी यांनी रोममध्ये, पोप फ्रान्सिस उपस्थित असलेल्या मिस्सामध्ये, तो घेतला.

केवळ गर्भपातावर बोट ठेवणे अपुरे आहे, असे मानणारा प्रवाहही चर्चमध्ये जुना आहे. कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी डिसेंबर १९८३ मध्ये फोर्डहॅम विद्यापीठात गर्भपात, अण्वस्त्रे आणि मृत्युदंड यांना एकाच सूत्रात गुंफणारी ‘जीवनाची सुसंगत नीती’ मांडली होती. रात्सिंगर यांचे टिपण मात्र युद्ध आणि मृत्युदंडाबाबत श्रद्धावंतांत मतभेद असू शकतात, गर्भपाताबाबत नाही, असे बजावते. २०२५ मध्ये हे दोन्ही प्रवाह इलिनॉय राज्यात आमनेसामने आले. सिनेटर डिक डर्बिन यांना गर्भपातविषयक भूमिकेमुळे स्प्रिंगफिल्ड या त्यांच्या स्वतःच्या धर्मप्रांतात ख्रिस्तप्रसाद बंद होता, आणि त्याच राज्यातील शिकागोच्या आर्चडायोसिसने (आर्चबिशपाच्या धर्मप्रांताने) स्थलांतरितांसाठी केलेल्या कामाबद्दल त्यांना जीवनगौरव देण्याचे ठरवले. स्प्रिंगफिल्डचे बिशप थॉमस पाप्रोकी यांच्यासह अनेक बिशपांनी आक्षेप घेतला. ३० सप्टेंबरला पोप चौदावे लिओ यांना याविषयी विचारण्यात आले. सिनेटरच्या संपूर्ण कारकिर्दीकडे पाहायला हवे, असे ते म्हणाले. गर्भपाताला विरोध करून मृत्युदंडाला पाठिंबा देणारा खऱ्या अर्थाने जीवनाच्या बाजूचा नसतो, असेही त्यांनी सांगितले. डर्बिन यांनी सन्मान नाकारल्याचे शिकागोचे कार्डिनल ब्लेझ क्युपिच यांनी त्याच दिवशी जाहीर केले.